मंगळवारची खोली आणि दोन डबे

प्रिय रेवा आणि ईशान,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघे माझ्यावरून भांडत होता. रेवा म्हणत होती, आजी कॉलेजात शिकवायची. ईशान म्हणत होता, आजी कॉम्प्युटर दुरुस्त करायची. तुमची आई आतून ओरडली, "ती इंटरनेटचं काहीतरी करायची, मलाही कधी नीट कळलं नाही." कॉल संपल्यावर मला हसू आले आणि मग थोडे वाईटही वाटले. मुलीला कळले नाही, नातवंडांना तरी कळावे, म्हणून लिहायला बसले.

आता लगेच लिहायचे आणखी एक कारण आहे. जो प्रोग्राम मी इतकी वर्षे लिहिला आणि सांभाळला, तो पुढच्या आवृत्तीतून काढून टाकणार आहेत. त्याच्या जागी नवा येतो आहे. जुने निघून जाण्याआधी ते काय होते हे सांगितलेले बरे. आमच्या चंद्रपूरच्या दिवाळी अंकाचे संपादकही लेखासाठी मागे लागले होते. तेव्हा हे पत्र तुम्हाला आणि छापायला त्यांना. आईकडून मोठ्याने वाचून घ्या. जिथे अडाल तिथे फोन करा.

मला क्रमाने सांगायची सवय आहे. आधी काम काय होते ते, मग मूल गावची गिरणी, मग अहेरीकडचा दवाखाना.

तुमच्या घरी लॅपटॉप उघडला की वायफाय लागण्याआधी पडद्यावर क्षणभर काहीतरी गोल फिरते. त्या क्षणात जे घडते, ते माझे काम.

कॉम्प्युटर सुरू होतो तेव्हा त्याला बाहेरचे काहीच माहीत नसते. आपला नंबर कोणता, शेजारी कोण आहे, बाहेर जायचा रस्ता कुठून जातो, काही नाही. मग तो वायरीतून सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारतो, "मी आलो आहे, मला पत्ता कोण देईल?" भिंतीवरचा डबा, ज्याला तुम्ही राउटर म्हणता, तो उत्तर देतो, "हा पत्ता मोकळा आहे. ठरावीक काळासाठी वापर. बाहेर जायचे असेल तर माझ्यातून जा." कॉम्प्युटर म्हणतो, घेतो. डबा म्हणतो, दिला. मुदत अर्धी सरली की कॉम्प्युटर आपणहून विचारतो, वाढवून मिळेल का? कॉम्प्युटरच्या बाजूने हे सगळे बोलणारा प्रोग्राम मी लिहिला. हाक कधी मारायची, किती वाट पाहायची, कोणाचे ऐकायचे आणि कोणीच बोलले नाही तर काय करायचे, एवढेच त्यात होते. एवढ्यातच माझे केस पांढरे झाले.

आमची ऑपरेटिंग सिस्टीम फुकट वाटायची होती. विकतची ज्यांना परवडत नाही अशा शाळा, ग्रामपंचायती, दवाखाने, छोटे कारखाने यांच्यासाठी. मुख्य मंडळी पुण्यात, बाकीचे आम्ही आपापल्या गावी घरून काम करणारे. मी कॉलेजातली नोकरी सोडून यात आले आणि चंद्रपुरातल्या आपल्या मागच्या खोलीत बसून काम केले. रोज सकाळी टेबलावरची कोळशाची काळी धूळ पुसायची आणि मग कीबोर्डला हात लावायचा, हा माझा नेम होता.

या कामात नाव होत नाही. नीट चालले तर ते आहे हेच कोणाच्या लक्षात येत नाही. बिघडले की लोक "नेट गेलं" म्हणतात आणि शिव्या टेलिफोनवाल्यांना देतात. त्याबद्दल मी टेलिफोनवाल्यांची कायमची ऋणी आहे.

आता मूल. मूल म्हणजे धानाचा मुलूख, रस्त्याच्या कडेने राइस मिल. तिथल्या एका मिलच्या शेठजींनी आमची सिस्टीम घेतली होती आणि "एक चालू केला का दुसरा मरते" अशी तक्रार केली होती. मी बसने गेले. ऑफिसात मुनीमजींचा एक कॉम्प्युटर, बाहेर वजनकाट्यावर दुसरा. मी खुर्चीवर बसते न बसते तोच बाहेरून काट्यावरच्या गणपतभाऊंची आरोळी आली, "बंद करा जी! गाडी आली!"

मुनीमजींनी तोंड वाकडे करून आपला कॉम्प्युटर बंद केला. "पाहा मॅडम," ते म्हणाले, "दिवसभर हेच. मी हिशेब करून राह्यलो का याची गाडी येते. मुद्दाम करते तो."

"काऊन मुद्दाम करीन?" गणपतभाऊ खिडकीतून म्हणाले. "ट्रॅक्टरवाला तुमच्या हिशेबासाठी थांबन का?"

झाले होते असे. पहिला कॉम्प्युटर बसवणाऱ्याने त्याचा पत्ता हाताने घालून दिला होता. दुसरा आला तेव्हा मुनीमजींनी पहिल्यावरचे आकडे पाहून तेच दुसऱ्यावरही घातले. मी विचारले, असे का केले? ते म्हणाले, "एकावर बरोबर चालून राह्यलं होतं ना जी. जे चालते त्याच्यात हात काऊन लावाचा?" एकाच पत्त्यावर दोघे राहायला गेले की डाक कधी याला जाते, कधी त्याला. पण मिलवाल्यांनी तक्रार करण्याआधी आख्खा हंगाम त्याच्याभोवती रीत बसवली होती. आरोळी ठोकायची, एकाने बंद करायचा, दुसऱ्याने चालू करायचा.

मी पत्ते वेगळे करून दिले. शिवाय परत आल्यावर प्रोग्राममध्ये एक गोष्ट पक्की केली. पत्ता घेण्याआधी कॉम्प्युटरने शेजाऱ्यांना विचारायचे, "या पत्त्यावर कोणी राहते का?" उत्तर आले तर तो पत्ता सोडून द्यायचा. मग तो हाताने घातलेला असो की डब्याने दिलेला.

थोड्या दिवसांनी शेठजींचा फोन आला. मला वाटले, आभार मानायला. ते म्हणाले, "मॅडम, आता गणपत वरडत नाई. गाडी आली कवा हे आमाले समजतच नाई." शेवटी त्यांनी काट्यावर एक घंटा बसवून घेतली.

शेजाऱ्यांना विचारायच्या त्या एका प्रश्नामुळे आमचा कॉम्प्युटर सुरू व्हायला डोळ्याची पापणी लवेल एवढा उशीर होऊ लागला. पुण्यातला आमचा प्रमुख सौरभ त्यावर नाराज झाला. सौरभ हुशार आणि मनाने चांगला मुलगा. आमची सिस्टीम सगळ्यांत लवकर सुरू होते याचा त्याला फार अभिमान होता. "मॅडम, थेंब थेंब करून तुम्ही मला म्हातारं करणार," तो म्हणाला. हे लक्षात ठेवा. पुढे याच मुद्द्यावर आमचे जमेना.

अहेरीच्या पुढे जंगलात एक गाव आहे. नाव नको. तिथे छोटा सरकारी दवाखाना आहे आणि त्यात एक खोली. खोलीत आमची सिस्टीम असलेला कॉम्प्युटर, कॅमेरा आणि एक खुर्ची. दर मंगळवारी चंद्रपूरचे डॉक्टर त्या पडद्यावर दिसत आणि त्या भागातले रोगी त्यांच्याशी बोलत. तिथल्या नर्स पुष्पाताई. माहेर मूलकडचे, नोकरी जंगलातली, आवाज काट्यावरच्या गणपतभाऊंच्या तोडीचा. एके दिवशी त्यांनी माझा नंबर शोधून काढून फोन केला.

"बाई, तुमचं मशीन मंगळवारीच काऊन रुसते?"

मी विचारले, बाकी दिवशी चालते का? "बाकी दिवशी आमी लावतच नाई ना," त्या म्हणाल्या. मग हसणे थांबवून सांगितले, "आरोग्य खात्याचे साहेब आले होते. म्हने, एवढी महाग खोली अन् चालत नाई. महिन्याच्या आखरीले येऊन पाहातो, नाई चालली तं मशीन दुसऱ्या तालुक्याले देऊन देतो. बाई, माह्या इथी मैना आहे. तिनं कुठी जावं?"

मैना तेव्हा रेवाएवढी होती. तिला सिकलसेलचा आजार. यात रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, आणि हातापायांत असह्य दुखते. आपल्या आणि अहेरीकडच्या, दोन्ही जिल्ह्यांत हा आजार बऱ्याच घरांत आहे. औषध नियमित घेतले, डॉक्टरांनी पाहून ते कमीजास्त केले, तर मूल शाळेत जाते, खेळते. पण थंडी, दगदग, पाणी कमी पिणे, यातले काही झाले की दुखणे उफाळते. म्हणजे डॉक्टरला भेटायला म्हणून दिवसभराचा बसचा प्रवास केला, तर त्या प्रवासानेच ती आजारी पडायची. खोली होती तोवर ती घरून चालत येई, पडद्याशी बोलून घरी जाई. खोली गेली असती तर पुन्हा बस.

मी मंगळवार पाहूनच गेले. उन्हाळ्याची अखेर होती. व्हरांड्यात मैना आजीजवळ बसली होती, दोन वेण्या, पायात आईच्या मोठ्या चपला. आजीचे नाव राजीबाई. त्या घरात गोंडी बोलत, आमच्याशी मराठी, पण अगदी कमी. मी आत जाऊन कॉम्प्युटर सुरू केला आणि तो पहिल्या झटक्यात लागला. पडद्यावर डॉक्टर आले.

"पाह्यलं?" पुष्पाताई चिडून म्हणाल्या. "तुमाले पाहून शहाणा झाला. पाहुण्यापुढं पोट्टे करतात तसं."

मैनाचे बोलणे सुरू होणार तोच दूर ढग गडगडला. पुष्पाताई ताडकन उठल्या, "थांबा हो डाक्टर" म्हणाल्या आणि भिंतीतल्या, डब्यातल्या, कॉम्प्युटरमागच्या सगळ्या वायरी भराभरा उपटून टेबलावर टाकल्या. वर चादर पांघरली. डॉक्टर गायब. मी पाहतच राहिले.

"मांगच्या साली वीज वायरीतून आत आली," त्या म्हणाल्या. "जुनं मशीन जळलं, लशीचं फ्रीज जळलं. तवापासून गडगड झाली का पहिले वायरी."

यात त्यांचे काहीच चुकत नव्हते. त्या भागात सगळे असेच करतात आणि शहाणपणाचेच आहे. वादळ ओसरल्यावर त्यांनी वायरी पुन्हा लावल्या. कॉम्प्युटर सुरू झाला, पत्ता मिळाला असे दाखवू लागला, पण डॉक्टर येईनात. त्यांनी बंद करून पुन्हा लावला. पुन्हा तेच. "असं करत राह्यलं का कधी लागते, कधी नाई. नशीब," पुष्पाताई म्हणाल्या.

मी टेबलाखाली वाकले. तिथे डबे दोन होते.

एक नवा, छतावरच्या ॲन्टेनाला जोडलेला. दुसरा जुना, विजेने पोळलेला, पाठीवर पांढऱ्या रंगात सरकारी नंबर घातलेला. नव्या डब्याला वायरी लावायची भोके कमी होती, म्हणून जुन्याच्या भोकांचा उपयोग वायरी जोडायला केला होता. कोणाच्या हे लक्षात आले नव्हते की जळाली ती फक्त जुन्या डब्याची बाहेरची बाजू. आतून तो धडधाकट होता आणि कोणी हाक मारली की इमानेइतबारे पत्ता देत होता. "हा घे पत्ता, बाहेर जायचे तर माझ्यातून जा." आणि त्याच्यातून बाहेर जायला रस्ताच नव्हता. वायरी पुन्हा लावल्यावर दोघांपैकी जो आधी जागा होई, त्याचे उत्तर आधी येई. आमचा प्रोग्राम, जगातल्या बहुतेक अशा प्रोग्रामसारखा, पहिल्या उत्तराला हो म्हणत असे.

उपाय सोपा होता. अहेरीच्या बाजारातून मी वायरी जोडायचा साधा छोटा जोड विकत आणला, तो लावला, जुना डबा काढून कपाटात ठेवला. डॉक्टर दिसले. मैना बोलली, पाय वर करून दाखवले, औषध ठरले. मी समाधानाने परतीच्या बसमध्ये बसले.

पुढच्याच मंगळवारी पुष्पाताईंचा फोन, "बाई, रुसला."

मी विचारले, टेबलाखाली काय आहे? मग त्या म्हणाल्या, "तो जुनाच लावला जी. सरकारी लोक स्टॉक तपासाले आले होते. म्हने, नंबरवाला डब्बा कुठी आहे? मी कपाटातून काढून देला. तं म्हने, हा नेटच्या सामानात लिव्हला आहे, त्याच्या जागेवरच पाह्यजे. अन् तुमच्या त्या छोट्यावर नंबरच नाई, तं तो बाहेरचा म्हणून काढाले लावला."

सरकारी वस्तू जळाली म्हणून फेकता येत नाही. ती रद्द झाल्याचा कागद वरून यावा लागतो आणि तोवर ती आपल्या जागेवर दिसायला लागते. पुष्पाताई काय करणार? मी पासवर्ड घालून जुन्या डब्याचे पत्ते वाटणे बंद करायचा विचार केला, तर तो पासवर्ड बदली होऊन गेलेल्या माणसाबरोबर गेला होता. डबा मुळापासून पुसला तर तो पुन्हा पत्ते वाटायला मोकळा. आणि चौकशी केली तेव्हा कळले की त्या पट्ट्यातल्या बऱ्याच दवाखान्यांत असेच पोळलेले, नंबर घातलेले डबे आपल्या जागेवर बसून आहेत. मी प्रत्येक गावी बसने जाऊ शकत नव्हते.

त्याच आठवड्यात मैनाला दुखणे उठले. खोली बंद, म्हणून राजीबाई तिला बसने चंद्रपूरला घेऊन आल्या. पुष्पाताईंनी कळवले तशी मी जेवणाचा डबा घेऊन दवाखान्यात गेले. मैना खाटेवर, हाताला सलाइन, ओठ कोरडे. मला ओळखून म्हणाली, "तुमी वायरवाल्या बाई." मी म्हटले, हो, तीच.

तिला झोप लागल्यावर आम्ही दोघी व्हरांड्यात जेवायला बसलो. राजीबाईंना मी विचारले, एवढ्या गर्दीत हा दवाखाना कसा सापडला? बस स्टँडवर उतरले की ऑटोवाले चारी बाजूंनी ओरडतात, मलाही गोंधळायला होते.

त्या सावकाश बोलल्या. "पहिल्या खेपेले जो पहिले बोलावला, त्याच्या ऑटोत बसलो. तो दुसऱ्याच दवाखान्यात नेऊन सोडला. पैशाचा दवाखाना. पोरगी रडत, मी रडत. मंग एक बुढा ऑटोवाला इथी आणला. आता कोणी कितीबी वरडो, मी त्या बुढ्यालेच पाहातो. जरा वेळ बसतो. नाई दिसला तं मंग दुसऱ्याले विचारतो, कुठी नेतोस, पहिले सांग. अन् रस्ता वेगळा दिसला तं उतरून जातो."

मी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून बसले होते. राजीबाई म्हणाल्या, "जेवत नाई का, बाई?"

घरी येऊन लिहायला घेतले. आमचा कॉम्प्युटरही पहिल्या ओरडणाऱ्याच्या ऑटोत बसत होता. नवा नियम असा केला. मागच्या वेळी ज्याने पत्ता दिला आणि ज्याच्यातून खरोखर बाहेर पोहोचता आले, त्याचे नाव लक्षात ठेवायचे. सुरू झाल्यावर आधी त्यालाच विचारायचे. दुसऱ्याचे उत्तर आधी आले तर ते ऐकून ठेवायचे, पण ओळखीच्यासाठी जरा वेळ थांबायचे. तो आलाच नाही तर दुसऱ्याचा पत्ता घ्यायचा, आणि रस्ता बाहेर जातो का ते पाहायचे. जात नसेल तर सोडून पुन्हा हाक मारायची.

सौरभने ते वाचले आणि फोन केला. तुम्हाला वाटेल, त्याने कौतुक केले असेल.

"मॅडम, रस्ता बाहेर जातो का हे बघणं आपलं काम नाही. आपण पत्ता घेतो, संपलं. आणि थांबायचं म्हणजे? शहरात लोक लॅपटॉप उघडून लगेच कामाला लागतात."

"ओळखीचा डबा लगेच बोलला तर थांबणं नाहीच रे. उलट आधीपेक्षा लवकर होतं. थांबणं फक्त अनोळखी माणूस आधी बोलला तर."

"पण सगळ्यांनी पाळायचं जे ठरलेलं प्रमाण आहे, त्यात असं आहे की..."

"प्रमाणात पहिलंच उत्तर घ्या असं कुठे लिहिलंय ते दाखव. आलेल्या उत्तरांतून निवडा, एवढंच लिहिलंय. पहिलं घ्यायची आपल्याला सवय लागली आहे."

त्याने ते पुन्हा वाचले असावे. संध्याकाळी म्हणाला, ठीक आहे, ठेवू, पण बंद ठेवू. ज्याला हवे त्याने सेटिंगमध्ये जाऊन चालू करावे.

आमच्या धंद्यातला हा नेहमीचा तह. कोणालाही दुखवायचे नसले की गोष्ट आत घालायची आणि बंद ठेवायची. म्हणजे ज्याला सेटिंग म्हणजे काय ते ठाऊक आहे त्याला ती मिळते, आणि त्याला तिची गरज नसते. साहेबांची फेरी जवळ आली होती. मी सौरभशी आणखी वाद घातला नाही. मी त्याला पुष्पाताईंचा नंबर दिला आणि म्हटले, नवी आवृत्ती पोहोचली की ते चालू कसे करायचे, हे तूच त्यांना फोनवर आधी शिकव. मीही फोनवर ऐकत होते.

"ताई, आधी सेटिंग उघडा," सौरभ म्हणाला.

"ते कुठी आहे, भाऊ?"

"उजव्या कोपऱ्यात खाली बघा."

"उजव्या कोपऱ्यात पाल आहे. ते नाई ना?"

बराच वेळ असेच चालले. सौरभ संयमाने सांगत होता, पुष्पाताई संयमाने चुकत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "भाऊ, मी सुई टोचतो, बाळंतपण करतो, साप चावला तं तेबी पाहातो. हे तुमचं एक बटन मी शिकून घेइन, त्याचं काही नाई. पण माही बदली झाली तं दुसरीले कोण सांगन? अन् पुढच्या गावच्या सिस्टरले? तुमी तिथूनच चालू करून नाई का देऊ शकत?"

पलीकडून सौरभच्या कीबोर्डची टकटक ऐकू आली.

"मैना बसून आहे इथी," त्या म्हणाल्या. "तिले काय सांगू? आज डाक्टर दिसन का नाई?"

"आज नाही, ताई," सौरभ म्हणाला. "पुढच्या मंगळवारी दिसतील."

त्याने तो नियम सगळ्यांसाठी चालू करून आवृत्ती बाहेर काढली. मला फक्त एवढेच लिहून कळवले, "मॅडम, उजव्या कोपऱ्यातल्या पालीला माझा नमस्कार सांगा."

नवी आवृत्ती मी पेनड्राइव्हवर घालून अहेरीच्या बसच्या कंडक्टरबरोबर पाठवली. पुष्पाताईंनी ती कशी बसवायची ते माझ्याकडून फोनवर शिकून घेतले आणि बसवली. साहेब आले त्या मंगळवारी मीही गेले, पण व्हरांड्यातच थांबले. राजीबाई होत्या, मैना होती, आणखी काही माणसे होती. सकाळपासून आभाळ स्वच्छ. पुष्पाताईंनी कॉम्प्युटर लावला, मैना आत जाऊन बसली, डॉक्टर आले आणि तिच्याशी बोलू लागले, साहेबांनी मान डोलावली. मला वाटले, आता सुटलो.

तेवढ्यात लाइन गेली, म्हणजे वीजच गेली.

साहेब खुर्ची मागे सारून उठले. "बघा सिस्टर, हेच मी म्हणतो."

"चहा तं घ्या," पुष्पाताई म्हणाल्या. "तोवर येते लाइन."

चहा अर्धा झाला आणि लाइन आली. टेबलाखाली आधी जुन्या डब्याचा दिवा लागला. तो बहुधा आधी जागा होई. मी खिडकीतून पाहत होते. कॉम्प्युटर सुरू झाला. ते गोल फिरणे सुरू झाले आणि फिरतच राहिले. साहेबांनी घड्याळ पाहिले. मला ठाऊक होते की या क्षणी जुना डबा पत्ता देतो आहे आणि आपला प्रोग्राम तो ऐकून ओळखीच्याची वाट पाहत बसला आहे. आतल्या कोणालाच हे दिसत नव्हते. मग नव्या डब्याचा दिवा हिरवा झाला, आणि पडद्यावर डॉक्टरांचे कपाळ आणि मग बाकीचा चेहरा आला.

"हां, मैना," डॉक्टर म्हणाले. "कुठे होतो आपण? डावा पाय दाखव."

साहेबांनी उरलेला चहा संपवला आणि कॅमेऱ्याच्या वायरीला नीट खिळा मारून घ्या असे सांगून गेले. खोली राहिली. मैनाने बाहेर येऊन आजीला गोंडीत काहीतरी सांगितले, त्या दोघी हसल्या आणि चालत घरी गेल्या. बसने नाही, चालत. मला ते पाहायचे होते.

एक हळहळ मात्र आहे. उपाय सुचायला आणि तो सर्वांना पटायला जो वेळ गेला, त्यात ती पोर एकदा त्या बसमधून दुखणे घेऊन आली. तो प्रवास कोणत्याही आवृत्तीत दुरुस्त होत नाही.

आता हा प्रोग्राम जातो आहे. नवा मी वाचून पाहिला. एका तरुण मुलीने लिहिला आहे, माझ्यापेक्षा आटोपशीर. माझ्या हातची एक ओळही त्यात नाही, आणि तसेच असायला हवे.

एक गोष्ट मात्र राहिली आहे. आमच्या कामात प्रोग्रामबरोबर त्याच्या चाचण्याही लिहितात. नवा प्रोग्राम कोणीही लिहो, तो त्या सगळ्या पार केल्याशिवाय बाहेर जात नाही. त्यातली एक मी त्या आठवड्यात लिहिली होती. तिच्यात दोन डबे आहेत, चुकीचा आधी बोलतो, बरोबरचा उशिरा. तिचे नाव मी "मंगळवार" ठेवले होते. नव्या मुलीने ती चाचणी नावासकट तशीच ठेवली आहे.

राजीबाई आता नाहीत. पुष्पाताईंची बदली झाली. जुना डबा टेबलाखाली आहे, त्याच्यावरचा नंबर नव्याने रंगवला आहे. मंगळवारी खोली उघडते, आणि मैना घरून चालत येते.

तुमची,
आजी